जिना दक्षिण इंग्लंडात येत नाही

खरी रेल्वे कोणीही बांधू शकतं. त्याला जमीन, लोखंड आणि एखादं सरकार लागतं, बस्स. माणसाच्या अंगात खरोखर काही पाणी आहे की नाही, हे कळतं ते शहात्तर पटीनं लहान रेल्वे बांधताना. तिथे जमीन प्लायवूडची असते, आणि सरकार आपणच असतो.

असं एक सरकार आमच्या भाऊजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर गेली नऊ वर्षं सुरळीत चालू आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी वरच्या खोलीतला पलंग बाहेर काढून तिथे दक्षिण इंग्लंड आणलं. लांबी साडेचार मीटर, रुंदी दीड मीटर. पूर्वेला खिडकी, पश्चिमेला कपाट, दक्षिणेला समुद्र (निळा ऑइलपेंट, दोन हात) आणि उत्तरेला दरवाजा.

कारभारासाठी समिती आहे. अध्यक्ष भाऊजी. प्रदेशतज्ज्ञ म्हणून भूगोलाचे सर, ज्यांनी एकतीस वर्षं तो देश फळ्यावर काढला. बांधकामप्रमुख म्हणून दातांचे डॉक्टर, कारण बारीक हत्यारं त्यांच्याकडेच आहेत. आणि सचिव मी, कारण माझं अक्षर बरं आहे. या चौघांपैकी दक्षिण इंग्लंड प्रत्यक्ष पाहिलेल्यांची संख्या शून्य. (त्यामुळे कोणाचाही पूर्वग्रह आड आला नाही.)

तरीही आमच्या कामात एक तसूभर कल्पनाविलास नाही. सगळं पुराव्यानिशी आहे. पुरावा म्हणजे बिस्किटांच्या एका जुन्या डब्याचं झाकण. त्यावर एक छोटं स्टेशन आहे, हिरव्या डब्यांची गाडी आहे, मागे पांढऱ्या टेकड्या आहेत आणि घड्याळात दहा सत्तेचाळीस झाले आहेत. झाकणावर जे आहे ते मॉडेलमध्ये असेल आणि जे नाही ते नसेल, हा समितीचा पहिला ठराव. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात गंज चढला आहे. तिथे आम्ही ढग केला. डबा खाली स्वयंपाकघरात असतो. त्यात ताई चहाची पूड ठेवते आणि वर ताटली झाकते.

दक्षिण इंग्लंडच्या टेकड्या खडूच्या असतात, असं सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि दुसऱ्या बैठकीला ते पिशवीभर खडू घेऊन आले. एकतीस वर्षांत कोटाच्या खिशात राहून गेलेले तुकडे. ते कुटून, डॉक्टरांच्या कवळीच्या प्लास्टरमध्ये कालवून आम्ही टेकड्या उभ्या केल्या. डावीकडची टेकडी जवळून पाहिली तर खालच्या दाढेसारखी दिसते, पण डॉक्टर म्हणाले, सवयीचा हात आहे, त्याला इलाज नाही. मेंढ्या कापसाच्या आहेत. स्टेशनाला नाव नाही, कारण झाकणावर नावाच्या पाटीवरच नेमका ओरखडा आहे. मनानं नाव देणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं.

अशी सात वर्षं गेली. दर रविवारी चार वाजता बैठक, साडेचारला चहा, पाचला गाडी. सातव्या वर्षी सरांनी भिंग लावून झाकण पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली," ते म्हणाले. "गाडी फलाट दोनवर आहे. आणि ही बाई फलाट एकवर."

बाई होती खरी. राखाडी कोट, हातात सुटकेस, जराशी वाकलेली. आम्ही तिला बसवली होती त्याला चार वर्षं झाली होती. उंची वीस मिलिमीटर. दोन फलाटांच्या मध्ये पादचारी पूल होता आणि पुलाला सव्वीस पायऱ्या होत्या. गाडी थांबत होती एक मिनिट.

"म्हणजे चार वर्षं दर रविवारी हिची गाडी चुकतेय," भाऊजी म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा पुसला. मी इतिवृत्ताची वही मिटली.

एवढ्यात ताई चहा घेऊन आली. तिला जिना चढून यायला वेळ लागतो, म्हणून साडेचारचा चहा ती चार वीसला खालून घेऊन निघते. तिनं ट्रे समुद्राच्या कडेला ठेवला, दाराच्या चौकटीला धरून दम खाल्ला आणि विचारलं, "काय झालं? कोणी गेलं का?"

भाऊजींनी तिला परिस्थिती समजावून सांगितली.

"अहो, पण ती प्लास्टिकची आहे ना?"

"मग?"

"मग तिला काय होतंय चढायला?"

"प्रश्न प्लास्टिकचा नाही," भाऊजी म्हणाले. "प्रश्न माणुसकीचा आहे."

रिकामे कप घ्यायला पुन्हा यावं लागू नये म्हणून ताई दारातच उभी राहिली.

समितीनं त्या एका प्रश्नावर अकरा बैठका घेतल्या. सुटकेस हातात असलेल्या वयस्क बाईला सव्वीस पायऱ्या चढायला नेमका किती वेळ लागतो, हे आधी ठरवणं भाग होतं. पुस्तकी आकड्यांवर आमचा विश्वास नाही. सुदैवानं घरातच जिना होता आणि वयस्क बाईही होती. जिन्याला पायऱ्या एकोणीसच भरल्या, पण डॉक्टरांनी तोड काढली: एकोणीस चढल्यावर सात उतरायच्या आणि त्याच सात पुन्हा चढायच्या. सुटकेसऐवजी चहाचा ट्रे चालेल, असं ठरलं. (त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी चहाही वेळेवर मिळाला.)

तीन फेऱ्या घेतल्या. स्टॉपवॉच माझ्याकडे होतं. पहिली फेरी दोन मिनिटं पाच सेकंद. दुसरी दोन मिनिटं चाळीस. तिसऱ्या फेरीला तीन मिनिटं बावन्न सेकंद लागले, कारण ताई नवव्या पायरीवर थांबली होती. का थांबली, हे प्रयोगाच्या कक्षेत नसल्यानं विचारलं नाही. समितीनं मोठ्या मनानं तिसऱ्या फेरीचा आकडा प्रमाण धरला.

मग मात्र आम्ही हात आखडता घेतला नाही; माणुसकीखातर झाकणाचा ठरावही शिथिल केला. दहा सत्तेचाळीसची गाडी चार मिनिटं थांबवायची ठरवली. त्यापायी दुधाची गाडी मागे राहिली, मालगाडी कपाटाजवळच्या बोगद्यात अडकून बसली आणि अख्खं वेळापत्रक नव्यानं आखावं लागलं. डॉक्टरांनी दात सरळ करायच्या तारेचा कठडा करून पुलाच्या दोन्ही बाजूंना बसवला. पायरीची उंची पाव मिलिमीटरनं कमी केली. पुलाच्या मध्यावर टेकायला बाक ठेवला. बाईच्या पाठीमागे एक हमाल उभा केला, आणि त्याचा चेहरा जरा प्रेमळ दिसावा म्हणून सरांनी दोन रविवार खर्ची घातले.

याच सुमारास समितीकडे एक अर्ज आला. ताईला तोंडी काही सांगायचं होतं, पण कामकाज लेखी चालतं हे मी तिला समजावलं. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं! तिनं सामानाच्या यादीच्या पाठीमागे लिहून दिलं. अर्ज पुढीलप्रमाणे: "माझे गुडघे गेलेत. जिन्याला धरायला काहीतरी लावा. नाहीतर चहा प्यायला खाली येत जा."

अर्जावर साधकबाधक चर्चा झाली. जिना दरवाजाच्या पलीकडे आहे. दक्षिण इंग्लंडची उत्तर सीमा दरवाजाशी संपते. सबब जिना समितीच्या हद्दीत येत नाही. खाली येऊन चहा पिण्याबाबत असं दिसून आलं की साडेचार ते पाच या वेळेत गाड्या सज्ज कराव्या लागतात, आणि खोली रिकामी ठेवणं धोक्याचं आहे. अर्ज निकाली काढण्यात आला. अर्जदाराचं अक्षर सुवाच्य असल्याची नोंद घेतली. मी निकाल खाली नेऊन दिला तेव्हा ताई चहाची पूड मोजत होती.

"तो डॉक्टर तारा आणतो ना रे," ती म्हणाली, "त्यातली एखादी जाड नसते का?"

मी म्हणालो, बघतो. ही नोंद कुठेच नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

नवव्या वर्षी सुधारलेल्या पुलाचं उद्घाटन झालं. गल्लीतले बावीस लोक आले. जिना अरुंद, सगळे एका ओळीत वर निघाले आणि मध्येच खोळंबले, कारण नवव्या पायरीवर ताई बसली होती. मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये बावीस कप. "आता नाही होत," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं, कोणाला नाही. पुढच्या माणसानं सुचवलं की इथेच कप उचलू आणि पुढे जाऊ. तसं केलं. वर कपांची झुंबड टळली. भाऊजी नंतर म्हणाले, हे आपल्याला नऊ वर्षांत का सुचलं नाही!

पाच वाजता गाडी सुटली. हिरवी गाडी दाढेला वळसा घालून आली आणि फलाट दोनवर थांबली. पुलाखाली डॉक्टरांनी लोहचुंबक फिरवलं आणि पायाशी लोखंडी चकती चिकटवलेली बाई हलली. एकेक पायरी. हमाल मागोमाग. मध्यावर बाकाशी ती थांबली, तेव्हा शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. "किती दमली असेल हो बिचारी!" त्या म्हणाल्या. मग बाई पलीकडे उतरली, डब्याच्या दाराशी पोचली आणि गाडी तिला घेऊन हलली. टाळ्या थांबेनात. भाऊजी म्हणाले, थकल्याभागल्या माणसाला समाज कसा वागवतो ते बघायचं असेल, तर या पुलाकडे बघा.

मी इतिवृत्ताची वही घेऊन खाली निघालो. ताई नवव्या पायरीवरच होती. ट्रेवर रिकामे कप जमले होते. जाताना लोक ठेवून गेले होते.

"मिळाली का रे तिला गाडी?" तिनं विचारलं.

"मिळाली. चार मिनिटं थांबवली."

"बरं झालं," ताई म्हणाली. खरंच बरं वाटलं होतं तिला. मला तिचा चेहरा कळतो, लहानपणापासून कळतो. मग म्हणाली, "जरा हात दे. उठू दे मला."

माझ्या एका हातात वही होती आणि दुसऱ्यात स्टॉपवॉच. भिंतीला धरून उठायला तिला एक मिनिट बारा सेकंद लागले. सचिवाला वाईट वाटलं. (नोंद आहे.)

हा अहवाल मी आतापर्यंत सहा जणांना वाचून दाखवला. चौघांनी विचारलं, लोहचुंबक पुलाखाली बसवलं कसं. दोघांनी विचारलं, दुधाच्या गाडीचं पुढे काय झालं. तुम्हीही काहीतरी विचारणारच असाल. पत्रानं विचारण्यापेक्षा रविवारी प्रत्यक्षच या, प्रदर्शन सगळ्यांना खुलं आहे. जिना चढताना तेवढं जपून. धरायला काही नाही. पण नवव्या पायरीवर ताई बसलेली असते, तिच्या खांद्यावर भार दिला तरी चालतो. सगळेच देतात.