ठेवणीतले अंथरूण

मनुष्याच्या व्याधींचे मूळ दोनच ठिकाणी असते : त्याच्या शरीरात, किंवा शरीराबाहेर. (तिसरे ठिकाण अद्याप सापडलेले नाही, अर्ज मागवले आहेत.) या थोर तत्त्वावर देह-परिसर संशोधन संस्था उभी आहे. तिच्या तळमजल्यावरचा परिसर विभाग माणूस काय हुंगतो, कशाला शिवतो आणि कशात झोपतो याचा अभ्यास करतो. आत गेलेल्या त्या पदार्थांचे शरीर पुढे काय करते, हे तिसऱ्या मजल्यावरचा चयापचय विभाग पाहतो. दोन्ही विभागांना एकमेकांविषयी इतका आदर होता, की ते एकमेकांकडे कधीही जात नसत.

अशा संस्थेची पायरी चढण्याची वेळ बाईसाहेबांवर यावी, हा काळाचा महिमा. बाईसाहेब हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे; परंतु नवऱ्यासह सारे घर त्यांना याच नावाने हाक मारीत आले आहे, आणि दुसरे कोणते सुचवण्याची कोणाची छाती झालेली नाही. त्यांच्या घरात पायपुसण्यावर पाय पुसण्यापूर्वी पाय धुवावे लागतात. अशा घरात जावई आजारी पडतो, हीच मुळी शास्त्राने दखल घ्यावी अशी गोष्ट होती.

जावई पुलांचे आराखडे काढतो. स्वतःच्या घरी तो धडधाकट असे. सासुरवाडीला आला, की दुसऱ्या दिवशी मलूल, तिसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. आणि मग रुग्णालय. पहिल्या खेपेस लोक हळहळले, दुसऱ्या खेपेस कुजबुजले. तिसऱ्या खेपेस विहीणबाई स्वतः आल्या आणि खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"तुमच्याकडचं पाणी त्याला मानवत नाही, असं मी सभ्यपणानं म्हणते," त्या म्हणाल्या. "यापुढे तो इथे येणार नाही. आणि तो नाही, तर सूनही नाही."

त्या दिवशी बाईसाहेबांनी घासलेली भांडी पुन्हा घासली. एकुलती एक लेक. तिच्या येण्याजाण्यावर कोणी कुलूप घालावे, आणि त्याची किल्ली आपल्या कमरेला नसावी, हा अनुभव त्यांना नवा होता.

बाईसाहेबांनी पहिल्या खेपेसच अर्ज केला होता, आणि संस्थेने प्रकरण तातडीने (सात महिन्यांत) हाती घेतले होते. परिसर विभागाने पाणी तपासले, पीठ तपासले, तेल, भिंतींचा रंग, शेजारच्या छापखान्याचा धूर आणि बाईसाहेबांचा स्वभाव. (स्वभाव परिसरात मोडतो की नाही, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. मोडतो, असे ठरले. परंतु मोजण्याचे यंत्र मिळेना.) घरातल्या धुळीचा नमुना मागितला, तेव्हा मात्र बाईसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. आमच्याकडे धूळ नसते, हवी असल्यास शेजारी मिळेल, असे त्यांनी सांगितले. संस्थेने शेजाऱ्यांची धूळ नेली. तिच्यावरून शेजाऱ्यांची प्रकृती अत्यंत चिंताजनक ठरली. ते अद्याप ठणठणीत आहेत.

संस्थेचा आणखी एक सभ्य नियम असा, की तपासणीची सूचना आठवडाभर आधी द्यायची. त्यामुळे प्रत्येक तपासणीच्या दिवशी घराची दारेखिडक्या सताड उघड्या असत आणि फरशीत तोंड दिसे. अखेर घर निष्कलंक असल्याचा निर्वाळा मिळाला. जावयाचे अंथरूण कोणी तपासले नाही, यात कोणाचाच दोष नव्हता. जावई घरी असला तरच ते अंथरूण बाहेर निघे. आणि जावई घरी आला की थोड्याच अवकाशात रुग्णालयात असे, तेव्हा संस्थेची माणसे शिस्तीने रुग्णालयात जात.

तिकडे चयापचय विभागाने जावयाचे रक्त पाहिले. तांबड्या पेशी सांभाळणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्यात जन्मतःच अपुरे होते. असा माणूस एरवी आयुष्यभर सुखात राहतो. एखादा विशिष्ट पदार्थ अंगात गेला, तरच पेशी पटापट फुटतात आणि डोळे पिवळे होतात. तो पदार्थ कोणता? लघवीच्या आलेखात एक टोक डोंगरासारखे वर गेलेले होते. ते ओळखीचे नसल्यामुळे त्याची गणना 'इतर' या सदरात करण्यात आली. (संस्थेच्या आजवरच्या शोधांपैकी एकसष्ट टक्के याच सदरात सुरक्षित आहेत.)

प्रकरण मिटल्यात जमा होते. शेवटच्या कागदावर सही घेण्यासाठी परिसर विभागातली एक तरुण संशोधिका आली आणि अचानक झालेल्या बससंपामुळे मुक्कामाला राहिली. बाईसाहेबांनी लोखंडी पेटी उघडली.

या पेटीविषयी विस्ताराने सांगणे भाग आहे. तिच्यात पाहुण्यांची अंथरुणे थरांनी रचलेली असत आणि थरागणिक वाढत्या मुठींनी डांबरगोळ्या : वर एक मूठ, तळाशी तीन. कापड जपायचे तर वास डोळ्यांत उतरला पाहिजे, ही बाईसाहेबांची धारणा. थर पाहुण्याच्या मानाप्रमाणे उघडत : दूरच्या नातलगांना वरचा, व्याह्यांना मधला, जावयाला तळाचा. म्हणजे माणूस जितका मानाचा, तितके त्याचे अंथरूण खोलातले, आणि तितक्या त्याच्या वाट्याच्या गोळ्या जास्त. संशोधिकेला मधला थर मिळाला. ती गाढ झोपली; मात्र हवेतले पदार्थ टिपणारी बोटभर पट्टी गळपट्टीवरून काढायची विसरली.

त्या पट्टीतला आकडा पाहून परिसर विभागाने ती बिघडली असे जाहीर केले आणि दुरुस्तीसाठी तिसऱ्या मजल्यावर धाडली. दोन विभागांमधला हा पहिला व्यवहार. तिथल्या यंत्राने पट्टीतल्या पदार्थाचे नाव काढले : डांबरगोळ्यांची वाफ. हा पदार्थ शरीरात शिरल्यावर त्याचे काय होते, ते पाहण्यासाठी कोणीतरी जुना आलेख काढला. 'इतर' सदरातला डोंगर तोच होता.

आता हे सांगणार कोण? सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. पण संस्थेतले सोनाराचे पद तीन वर्षे रिक्त होते. संशोधिकेलाच पाठवण्यात आले. तिने सगळे समजावले : विकर, पेशी, वाफ, रजई.

"म्हणजे मी त्याला जे उत्तम होतं ते दिलं," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि तेच त्याला बाधलं."

"हो, बाई."

"आणि हयगय केली असती, तर तो बरा राहिला असता."

संशोधिकेने शास्त्राच्या वतीने मान खाली घातली.

संस्थेच्या पत्रामुळे विहीणबाईंनी आणखी एका भेटीस संमती दिली. परंतु देखरेखीसाठी त्या जातीने सोबत आल्या. पेटी तोवर गच्चीवरच्या खोलीत गेली होती. (रिकामी केलेली नव्हती. तितके शास्त्र बाईसाहेब अजून मानीत नाहीत.) जावयाच्या पलंगावर धुतलेली, उन्हात वाळवलेली, पण मधोमध विरलेली चादर पाहून विहीणबाई आपण कशासाठी आलो ते साफ विसरल्या.

"माझ्या मुलाला ही वापरातली चादर?"

लेक दारात होती. तिने आईकडे पाहिले. पाहुण्यासमोर कमीपणा घेतलेली आई तिने जन्मात पाहिली नव्हती.

"माझ्या अंगाखालची आहे ती," बाईसाहेब म्हणाल्या. "याहून जवळचं माझ्याकडे काही नाही, विहीणबाई."

विहीणबाई खुर्चीवर बसल्या. या घरात बऱ्याच काळाने.

पुढे रोज सकाळी चहा देण्याच्या मिषाने बाईसाहेब जावयाच्या डोळ्यांत डोकावत. तिसरा दिवस उजाडला, चौथा उजाडला. डोळे धुतलेल्या वाटीसारखे पांढरे. काल अगदी स्वतःच्या घरच्यासारखी झोप लागली, असे जावई म्हणाला. जावयाला सासुरवाड घरासारखी वाटावी, हा खरे तर आदरातिथ्याचा पराभव. पण बाईसाहेबांनी तो गिळला आणि लेकीला आणखी आठ दिवस राहण्याचा हुकूम सोडला. तो मोडण्याची प्राज्ञा विहीणबाईंचीही नव्हती.

संस्थेने हा निष्कर्ष यथावकाश प्रसिद्ध केला. माणसाच्या व्याधीचे मूळ शरीरात किंवा बाहेर नसून दोहोंची गाठ पडते तिथे असते, असे त्यात म्हटले होते. त्यावर वाचकांची चार हजार पत्रे आली. सर्वांना तपासणी हवी होती : कोणाला सासूच्या कपाटाची, कोणाला जावेच्या स्वयंपाकघराची, कोणाला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची. स्वतःच्या घराचा पत्ता कळवणारे पत्र एकही नव्हते. तूर्त दोन्ही विभाग एकत्र येऊन याच विकाराचा अभ्यास करीत आहेत. त्याचा संसर्ग वाचनातून होतो, आणि लक्षण एकच : वाचता वाचता दुसऱ्याचे घर डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्या डोळ्यांपुढे कोणाचे उभे राहिले, ते सुवाच्य अक्षरांत कळवावे. नमुना घ्यायला माणूस येईल. सूचना न देता.