रांगेचा फोटो

"आपण फोटो काढतो, मांडत नाही!" हे वाक्य क्षणभाऊ कचेरीत दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. योग्य क्षणाची वाट बघावी, कुणाला हलवू नये, असं त्याचं तत्त्व. वर्तमानपत्राच्या या छायाचित्रकाराला सगळे क्षणभाऊच म्हणायचे. बायकोसुद्धा!

त्या दिवशी पहिल्या पानावरची मोठी जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. वर्षभर कोरड्या पडलेल्या एका वस्तीत नगराध्यक्ष नवा नळ सुरू करणार होते. "पाण्यासाठी रांग दिसली पाहिजे," संपादकांनी बजावलं होतं.

क्षणभाऊ पोहोचला, तर नळापाशी चिटपाखरू नाही! त्याची सख्खी मावशी तिथंच राहायची. ती दारात निवांत पाय पसरून बसली होती.

"अरे, सकाळीच चाचणीला टाकीतलं पाणी सोडलं होतं. सगळ्यांनी भरून घेतलं. आता कशाला कोण रांग लावतंय?"

"मावशी, माझं पहिलं पान जाईल गं!"

भाच्याचा पडलेला चेहरा मावशीला बघवेना. तिने भरलेली बादली अंगणात पालथी केली आणि गल्लीभर हाक दिली. घरोघरची पिंपं उपडी झाली. रांग लागली.

"अध्यक्ष येईपर्यंत नळ सोडून एकदा करून बघू," क्षणभाऊ म्हणाला.

मावशी कॅमेऱ्याकडे बघून गोड हसली.

"हसू नको! वर्षभर पाणी नव्हतं तुला! ओता सगळे, पुन्हा घेऊ!"

पुढच्या वेळी मावशीने असा गळा काढला, की मागच्या बायका नळ तसाच वाहता सोडून तिची समजूत घालायला धावल्या. "ओता, पुन्हा!" मग धार बारीक वाटली, म्हणून क्षणभाऊने स्वतः तोटी पूर्ण फिरवली.

अध्यक्ष आले. ऐटीत त्यांनी तोटी फिरवली. नळ खोकला, एक थेंब लोंबकळला आणि टाकी संपली. अध्यक्षांचा आ वासलेला, मावशी रिकाम्या बादलीत डोकावतेय, मागे हवालदिल रांग! क्षणभाऊच्या बोटाने कॅमेऱ्याची कळ आपोआप दाबली. एकही चेहरा मांडलेला नव्हता!

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तोच फोटो झळकला. मथळा होता, 'उद्घाटनालाच नळ कोरडा!' संपादकांनी पाठ थोपटली. टाकी कुणी रिकामी केली, हे कुणी विचारलं नाही, आणि क्षणभाऊनेही सांगितलं नाही. शीळ घालत तो घरी आला.

त्याच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी वस्ती रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती. सगळ्यांत पुढे मावशी.

"टाकी आता पुढच्या आठवड्यात भरणार म्हणे," ती म्हणाली. "तोवर तुझाच नळ!"

काय रांग होती! कुणाला उभं राहा म्हणावं लागलं नव्हतं. क्षणभाऊचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला.

"ठेव तो खाली आणि बादल्या भरून दे," मावशी म्हणाली. "आणि आता ओता म्हणालास, तर तुझ्याच डोक्यावर ओतीन!"