काचेला चिकटलेले आप्पा

“काचेवरची काळी फिल्म काढायला गॅरेजवाला कशाला लागतो बे? केळं सोलावं तशी सोलतो बघ!” असं शेजारच्या अंगदला सांगून आसारामने शुक्रवारी सकाळी बाह्या वर सारल्या.

गाडी आष्टीत घेतलेली, जुनी. काचा इतक्या काळ्या, की आत बसलं की भरदुपारी जांभया यायच्या! साहेबाची गाडी वाटते म्हणून आसारामची छाती फुगली होती. पण त्याची बायको शिवकन्या तिसऱ्याच दिवशी माहेरी उमापूरला निघून गेली, तीही एसटीने!

“अख्ख्या गावातून फिरवलं मला, पण मी दिसले का एका तरी बाईला?” जाताना ती म्हणाली. “बैलगाडीत निदान दिसत तरी होते!”

मग फोनवर निरोप आला. “काळ्या काचा काढून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत या. न्हाई आलात तर मी थेट दिवाळीलाच येते.”

दिवाळी सहा महिने लांब! आणि आसारामने स्वतः थापलेली भाकरी कुत्र्याने नुसता वास घेऊन परत केलेली.

फिल्म सरसर निघाली. डिंक मात्र आतल्या बाजूला तसाच राहिला. खोबरेल लावलं, तर काचेवर माशा बसल्या. रॉकेल लावलं, तर डिंक पातळ होऊन बोटांना धरून बसला. बोटं शर्टाला पुसली, तर शर्ट चिकटला. शर्ट सोडवताना मिशी चिकटली!

“आरं, साबणाचं पाणी मार,” अंगद म्हणाला. “वरून पेपर लाव, अर्धा तास ओला ठेव. पेपरासंगट डिंक खाली!”

उपाय खरा होता. आसारामने बाजूच्या चारी काचांना आतून पेपर थापले. अर्ध्या तासात दाढी, कलप उरकावा म्हणून तो न्हाव्याकडे गेला. तिथे पुढे पाच गिऱ्हाइकं! दोन तासांनी डिंकाने धरलेली अर्धी मिशी कापून, काळाभोर होऊन परत येतो, तर उन्हाने गाडीची भट्टी झालेली आणि पेपर वाळून काचेशी एकजीव झालेला. नख लागेना, काच खाली जाईना.

मग त्याने बाहेरून पाहिलं.

“आरं देवा!”

चारी काचांतून तालुक्याचे पुढारी आप्पा हात जोडून हसत होते! त्या दिवशी आप्पांचा वाढदिवस. पेपरात बातमी एक आणि आप्पांचे फोटो चाळीस. खाली ठळक अक्षरांत, ‘भावी आमदारांना कोटी कोटी शुभेच्छा!’

आता आसारामचा सासरा धोंडीराम म्हणजे आप्पांच्या माणसाकडून अकरा मतांनी पडलेला गडी. तेव्हापासून त्या घरात आप्पा हा शब्द बंद. पण ऊन कलायला लागलं होतं, पेपर पुन्हा भिजवत बसायला वेळ नव्हता. समोरच्या काचेतून रस्ता दिसत होता, तेवढ्यावर आसाराम निघाला.

उमापूरच्या वेशीत कार्यकर्ते मिरवणुकीसाठी हलगी घेऊन उभेच होते.

“आप्पांची गाडी आली रे!”

वीस मोटारसायकली मागे लागल्या. टपावर गुलाल पडला. आसाराम आतून ‘न्हाई, न्हाई’ म्हणून हात हलवायचा. लोकांना वाटायचं, नमस्कार घेतोय! हलगी अशीच वाजत धोंडीरामच्या दारात आली.

धोंडीराम काठी घेऊन बाहेर पडला. “जावईबापू! ह्यो माणूस माझ्या दारात कशाला आणला?”

“आणला न्हाई मामा, चिकटलाय!”

“कुणी चिकटवला?”

“म्याच. काढायसाठी!”

“काढायसाठी चिकटवला? लई ऊन लागलं काय?” म्हणत धोंडीरामने काठी काचेवर उगारली.

“बाबा, थांबा! काच फुटंल!” शिवकन्या मधे पडली.

नवऱ्याच्या अर्ध्या मिशीकडे आणि चारी आप्पांकडे बघून तिने कपाळाला हात लावला. मग घरातून कढत पाण्याचा तांब्या आणि उलथणं आणलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. करपल्या दुधाची पातेली घासून बसलेला हात तो! पाणी मारलं, जरा भिजू दिलं, चार रट्टे दिले. बरोबर आप्पांच्या तोंडाच्या जागी ताटाएवढी काच लख्ख झाली. शिवकन्याने तिथून बाहेर डोकावलं.

खाली आप्पांचं जाकीट, आप्पांचे जोडलेले हात आणि वर कुंकू लावलेली शिवकन्या!

हलगी थांबली. धोंडीरामची काठी खाली आली.

“आमदार झाली की माझी लेक!” तो म्हणाला.

गल्लीतल्या बाया धावल्या. “अगं बया, शिवकन्या! किती ग्वाड दिसतीस!” प्रत्येकीने काचेवर टकटक करून बघितलं. शिवकन्या हलायला तयार नाही. गाडी निघाली, तर म्हणते, “हळू चालवा. आन् गावातून दोनदा फिरवा.”

आता आसारामला युक्ती कळलीय. कढत पाणी आणि उलथणं, अर्ध्या तासाचं काम. पण परवा त्याने तांब्या उचलला मात्र, घरातून शिवकन्याचा आवाज आला, “कागदाला हात लावलात तर उमापूरची एसटी सव्वादहाला हाय!”

कागद कडेने सुटायला लागलाय. काल आसाराम दुकानात डिंकाची बाटली मागत होता. मोठी द्या म्हणाला.