दोन प्रिंटरांचा न्याव

न्यायापुढे जावई नाही आणि मेहुणा नाही, हे सचिव रत्नपाल खिल्लारे यांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. तत्त्वाला आजवर धक्का लागला नव्हता, कारण त्यांच्या लेकीचं, राणीचं, लग्नच मुळी मागच्या वैशाखात झालं होतं.

दोन हजार तीन साली हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शेतकरी सोसायटीत कॉम्प्युटर आला आणि पाठोपाठ प्रिंटर घेण्याचा ठराव. दोन दुकानदार पुढे आले. एकाचं दुकान हिंगोलीत. तो चेअरमन तातेरावांचा सख्खा मेहुणा. दुसऱ्याचं औंढ्याला, देवळाच्या वाटेवर, नारळवाल्याच्या शेजारी, नवंकोरं. तो रत्नपालांचा जावई.

"सचिव साहेब, निवाडा तुमीच करा," तातेराव म्हणाले. "अख्ख्या तालुक्यात तुमच्यावानी सरळ माणूस न्हाई."

स्तुती खरी होती, म्हणूनच सुटका नव्हती. जावई जिंकला तर बावीस वर्षांच्या सरळपणावर गाव थुंकणार होतं. हरला तर घरी जनकाबाई होत्या.

जनकाबाईंनी भाकरी वाढतानाच बजावलं, "लेकीचं दुकान नवं हाय. पहिल्याच घासाला खडा लागला तं माझ्या हातचं जेवायचं न्हाई."

"अगं, परीक्षा प्रिंटरची हाय, लेकीची न्हाई."

"मंग पास करा न त्याला! तुमचं काय जाऊन राहिलं?"

रत्नपाल न जेवता ऑफिसात गेले. जुन्या मराठी टाइपरायटरवर त्यांनी सभेची एक नोटीस टाइप केली. हाच मजकूर दोन्ही प्रिंटरांवर काढायचा, म्हणजे कुणाला सोपा, कुणाला अवघड असं नको. मग दोघांना सारख्या उंचीची टेबलं हवीत, म्हणून टाइपरायटरचंही टेबल मोकळं केलं आणि पायाखाली पुठ्ठे सारून दोन्ही टेबलं एका पातळीत आणली. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

दुकानदार मशीन घेऊन आले. "मामा, घोटभर पाणी तरी..." जावई म्हणाला.

"निकाल लागल्यावर, पाहुणे."

मेहुणा चाट पडला. "जावयाला पाणी न्हाई? मंग आपलं काही खरं न्हाई!" असं म्हणून तोही तहानेलाच बसला.

वीज दोघांना बराबर मिळावी म्हणून रत्नपालांनी दोन्ही मशीनं एकाच बोर्डावर एकदम चालू केली. फ्यूज उडाला. तो बांधल्यावर आधी मेहुण्याचं पान निघालं, मग जावयाचं.

"त्यायच्या टायमाला शेतातल्या मोटारी बंद होत्या!" जावई म्हणाला. "माझ्या टायमाला चालू झाल्या. होल्टेज पडलं."

रत्नपालांना ते पटलं. दोन्ही पानं फाडून त्यांनी उलट्या क्रमानं परीक्षा पुन्हा घेतली. तातेरावांनी कपाळाला हात लावला, पण कौतुकानं.

पंच म्हणून तांड्यावरचे वसराम नाईक नेमले होते. ते दोघांचेही कुणी लागत नव्हते आणि दोघांशीही त्यांचं पटत नव्हतं. त्यांना सुगावा लागू नये म्हणून कोऱ्या पानांच्या मागे आधीच खूण करून ठेवली होती: जावयाच्या पानाला लाल पेन्सिलीची, मेहुण्याच्या पानाला निळीची. पानं गोळा करायचं काम झाडलोट करणाऱ्या रुख्मिणीबाईंना. त्यांनी टेबलांवर छापलेलं जे जे दिसलं ते उचललं आणि बाहेर पंचांच्या हाती दिलं.

वसराम नाईकांनी पहिल्या पानावर थुंकी लावून अंगठा फिरवला. "शाई फुटली. पावसात खिशात ठिवलं तं काय ऱ्हाईल?"

मागे लाल खूण होती. जावयानं मान खाली घातली. रत्नपालांच्या पोटातली भूक मेली.

दुसऱ्या पानाची नाईकांनी चौघडी केली आणि उलगडली. घडीवरची अक्षरं पापुद्र्यासारखी सुटली. "ह्ये तं बंडीच्या खिशातच मरतंय." मागे निळी खूण. मेहुण्याचा चेहरा पडला.

मग नाईकांनी तिसरं पान उचललं. त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली, डोळे मिटले, पुन्हा फिरवली.

"ह्ये! अक्षर मागून हाताला लागतंय. ह्याला म्हंत्यात दस्त. ह्यातलं अक्षर कोणी उपटू शकत न्हाई."

सगळे वाकले. पानाच्या मागे लाल खूण नव्हती आणि निळीही नव्हती.

"माझीच नोटीस हाय," रत्नपाल पुटपुटले. "टाइपरायटरवरची."

मग मेहुणा हसला, जावई हसला, आणि जावयानं सासऱ्याचे पाय धरले. "मामा, कोणालाच पाडलं न्हाई न कोणालाच चढवलं न्हाई! राणीला काय सांगू म्हणून सकाळपासून जीव टांगला होता."

"याला म्हंत्यात न्याव!" तातेराव गहिवरले. "पैसे वाचले, सोयरे वाचले. ठरलं, टाइपरायटरच ठिवायचा. रुख्मिणीबाई, चहा सांगा. साहेब, काढा तुमचं मशीन, हार घालू त्याला."

रत्नपालांनी मोकळ्या टेबलाकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या रिकाम्या गल्लीकडे.

टाइपरायटर त्यांनी सकाळीच भंगारवाल्याला किलोच्या भावानं दिला होता.