खुर्चीवरचे कोट

ते १९८७ साल. केनियातल्या काकामेगाच्या पाणीपुरवठा कचेरीत तेव्हा खुर्च्या पाच, कोट चार आणि कामाला एकटी कावेत्सा!

पद्धत ठरलेली होती. प्रत्येक बाबूनं एक जादा कोट खुर्चीच्या पाठीवर कायमचा टांगलेला. सकाळी आठला तोंड दाखवायचं आणि पसार व्हायचं. मोठे साहेब लुस्वेती आपल्या उसाच्या मळ्यात, बाकीचे तिघे आपापल्या दुकानात. कोणी चौकशीला आलं की कावेत्सा बोट दाखवी, "कोट आहे ना? मग साहेब इथंच असणार!"

ती मात्र अकरा वर्षं हंगामी. जागची हलत नसे. गुरुवारी नैरोबीहून तपासणीचे साहेब येणार होते. त्यांच्या एका शेऱ्यावर तिची नोकरी कायम तरी होणार, नाहीतर जाणार.

"त्यांना इथं धुळीचा कण सापडला तर माझं नाव बदला!" बुधवारी तिनं लुस्वेतींना ठणकावून सांगितलं.

"नाव राहू दे मावशी, कोटांकडे लक्ष ठेव," म्हणत ते सटकले.

तिनं लक्ष दिलं, तर काय! कोटांवर बोटभर लाल धूळ! लुस्वेतींच्या बाहीत तर कोळ्यानं संसार थाटलेला! कामसू माणसाच्या बाहीत कोळी राहतो होय? तिनं चारही कोट मागच्या नळावर नेऊन खसाखसा धुतले आणि जास्वंदीच्या कुंपणावर वाळत घातले.

तेवढ्यात पुढच्या दारी गाडी थांबली. साहेब एक दिवस आधीच आले होते!

फेसाळलेल्या हातांनी ती आत धावली. पाच बोडक्या खुर्च्यांमध्ये किलोन्झोसाहेब कमरेवर हात ठेवून उभे.

"पंचवीस वर्षं कचेऱ्या तपासतोय," ते गरजले. "माणसं नसलेल्या पुष्कळ पाहिल्या. पण कोटसुद्धा नाहीत?"

"कोट... वाळताहेत, साहेब."

"आणि माणसं?"

कावेत्सा फेसाळलेले हात झग्याला पुसू लागली. खरं बोलावं तर लुस्वेती ठेवणार नाहीत, खोटं बोलावं तर हे!

सरकारी गाडीची खबर बाजारात पोचली होती. चौघे धापा टाकत आत घुसले. बाह्या वर केलेल्या, लुस्वेती गुडघ्यापर्यंत चिखलात.

"नळ... फुटला होता... साहेब!"

किलोन्झोसाहेबांचे डोळे पाणावले. "कोट उतरवून चिखलात उतरणारे अधिकारी! देशाला अशीच माणसं हवीत!" त्यांनी चौघांचे हात दाबले. मग कावेत्साकडे वळले. "आणि ही बाई? कचेरीच्या वेळात धुणी धुतेय!"

चौघांना प्रशस्तिपत्रं मिळाली, कावेत्साला ताकीद. नोकरी तेवढी वाचली, पण हंगामीच.

पुढे लुस्वेती बढतीवर नैरोबीला गेले. कोट बरोबर नेला. तिघांची दुकानं झकास चालली. किलोन्झोसाहेब निवृत्त झाले, पण त्यांचा कोट म्हणे सहा महिने खुर्चीवर होता आणि कोणाला पत्ताच नव्हता!

कावेत्सा आणखी तीन वर्षांनी कायम झाली. त्याच दिवशी तिनं नवा स्वेटर घेतला, खुर्चीवर नीट टांगला आणि दहा वाजता घरी गेली. दुपारी कोणी नळाची तक्रार घेऊन आलं, तेव्हा नव्यानं लागलेल्या हंगामी बाईनं बोट दाखवलं,

"स्वेटर आहे ना? मग मावशी इथंच असणार!"