दोन पावलं उजवीकडे

"यंदाची फायनल आपली. लिहून घ्या," असं कोचसाहेबांनी क्लबच्या सेक्रेटरींना सांगितलं आणि त्या गृहस्थांनी खरोखरच लिहून घेतलं. वर शांतपणे म्हणाले, "हरलात तर संघ तुमच्या मेहुण्याकडे. दोन्ही क्लब एक होतायत, दोन कोच ठेवून काय करायचंय?"

एकोणीस वर्षं हा मुलींचा बास्केटबॉल संघ साहेबांनी पोटच्या पोरींसारखा वाढवला होता. आणि मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, समोरच्या क्लबचा कोच. त्याला बॉल धरायला शिकवला तोही यांनीच. म्हणजे बघा.

पण साहेब निर्धास्त होते, कारण यंदा त्यांनी जालीम उपाय शोधला होता. "सगळे बघतात बॉलकडे. म्हणून बास्केट करायची ती बॉल हातात नसलेल्या पोरीने," असं म्हणून त्यांनी जेवणाच्या टेबलावर बायकोला सगळा डाव मांडून दाखवला. मिठाची बरणी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणत. चष्म्याचं घर म्हणजे कप्तान, जी एरवी दातांची डॉक्टर होती. समोरच्या संघाची मुलगी म्हणून चमचा. बरणीने जाऊन चमच्याच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं, हात छातीशी, अजिबात हलायचं नाही. ही झाली स्क्रीन. मग चष्म्याच्या घराने बरणीला घासून सुसाट बास्केटखाली पळायचं. हा झाला कट. तिथे बॉल मिळाला की काम फत्ते.

"आणि चमच्याला आधीच कळलं तर?" बायकोने विचारलं.

"चमच्याला सांगणार कोण?" साहेब हसले.

मेहुण्याच्या संघाशी झालेल्या पहिल्याच सामन्यात चमच्याला कळलेलं होतं. कप्तान उजवीकडून पळाली, तर समोरच्या संघातली पोरगी तिथे आधीच हजर. डावीकडून पळाली, तर डावीकडे हजर. साहेब बाकासमोर येरझारा घालून घालून थकले आणि संघ चौदा गुणांनी हरला.

घरी येताना त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. डाव पाहिला होता कुणी? बरणीने, चमच्याने आणि बायकोने. पैकी रोज संध्याकाळी साडेसातला भावाला फोन कोण करतं?

त्या दिवशी साडेसातला साहेब दाराआड उभे राहिले. आत बायको हसून म्हणत होती, "नाही रे, त्यांना अजून पत्ताच नाही. पण हे बरं नाही हं." साहेबांच्या पायांखालची जमीनच सरकली. तेवीस वर्षांचा संसार, आणि घरातच फितुरी.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. "अहो, तुम्हाला एक सांगायचं होतं. खेळाबद्दल."

"मला खेळाबद्दल काही ऐकायचं नाही," साहेब म्हणाले. मनात म्हणाले, आता हिला आणखी माहिती काढायची असेल.

मग त्यांनी सापळा लावला. टेबलावर मुद्दाम खोटा डाव मांडला, सगळे कट डावीकडून. बायको भाजी चिरता चिरता बघत होती. दोन दिवसांनी मेहुण्याच्या संघाशी सराव सामना होता, त्यात पोरींना उजवीकडून पळवलं. उजवीकडे मेहुण्याच्या संघातली पोरगी हजर.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, बायको सुटली. साहेब म्हणाले, "म्हणजे डाव खोटा आहे हेही तिने ओळखलं. भलतीच पोचलेली आहे."

त्या दिवसापासून टेबलावर मिठाची बरणी येणंच बंद झालं. घरात अळणी जेवण सुरू झालं, पण साहेब हूं की चूं करेनात. सरावाच्या हॉलच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. डाव चिठ्ठीवर लिहून पोरींना दाखवायचा, चिठ्ठी परत घ्यायची, फाडून खिशात टाकायची. धुणं वाळत घालताना बायकोला शर्टांच्या खिशांतून कागदाचा लगदा निघायला लागला. तिने काही सांगायला तोंड उघडलं की साहेब उठून जायचे.

संशय घरापुरता राहिला असता तरी चाललं असतं. मेहुण्याच्या संघातली एक मुलगी दाढ दुखते म्हणून कप्तानच्या दवाखान्यात गेल्याचं साहेबांच्या कानावर आलं.

"तिच्याशी काय बोलणं झालं?"

"सर, तिच्या तोंडात माझे दोन्ही हात होते. ती काय बोलणार?"

"ती नाही. तू काय बोललीस?"

कप्तानने रडकुंडीला येऊन सांगितलं, "आ करा, म्हटलं."

फायनलच्या सकाळी बायकोने शेवटचा प्रयत्न केला. "अहो, दोन मिनिटं ऐकाल का? तुमच्याच भल्याचं आहे."

"संध्याकाळी बोलू," साहेब म्हणाले आणि चिठ्ठ्या घेऊन निघून गेले.

फायनल मात्र चुरशीची झाली. शेवटचे बारा सेकंद उरले, साहेबांचा संघ एका गुणाने मागे. मध्ये गुणलेखकाचं टेबल, अलीकडे साहेबांचा बाक, पलीकडे मेहुण्याचा. साहेबांनी टाइमआउट घेतला आणि शेवटची चिठ्ठी दाखवली: उजवीकडून, शिडीची स्क्रीन, कप्तानचा कट. मान वर केली तर काय, बायको प्रेक्षकांतून उठून सरळ मेहुण्याच्या बाकाकडे निघालेली.

साहेबांना रागही आला नाही, नुसतं रडू आलं. निदान आज तरी हिने माझ्या बाजूला बसायचं होतं, असं त्यांना वाटलं.

शिट्टी झाली. गुणलेखकाच्या टेबलाशी काहीतरी गडबड ऐकू येत होती.

"बाई, इथे उभं राहता येणार नाही."

"दहा सेकंद. तुम्ही आकडे बघा."

"ताई, सरक ना! मला दिसत नाहीये!" हा मेहुण्याचा आवाज.

शिडीने स्क्रीन लावली, कप्तान उजवीकडून सुटली आणि बास्केटखाली पोचली तेव्हा आसपास चिटपाखरू नव्हतं. बॉल आला, आत गेला, भोंगा वाजला. संघ जिंकला.

पोरी साहेबांच्या अंगावर येऊन पडल्या. त्यांतून मान काढून साहेबांनी पाहिलं. बायको अजून तिथेच होती. पाय रोवलेले, हात छातीशी, आणि तिच्यामागे मेहुणा टाचा उंचावून डोकावतोय.

"ही काय भानगड आहे?" साहेबांनी विचारलं.

"दाजी, कट जिकडून येणार असेल तिकडे तुम्ही आधीच दोन पावलं सरकता," मेहुणा चडफडत म्हणाला. "पत्ते खेळताना चांगलं पान आलं की खुर्चीत वर सरकता, तसंच. मी नुसता तुमच्याकडे बघायचो आणि पोरींना हात करायचो. ताईला हसत हसत सांगितलं, ती माझी चूक."

"आणि मी तुम्हाला पंधरा दिवस सांगायला येत होते," बायको म्हणाली. "ऐकाल तर शपथ! शेवटी म्हटलं, मिठाच्या बरणीचं काम आपणच करावं. खरं सांगा, माझ्यावर संशय घेतलात ना?"

"संशय? तुझ्यावर?" साहेब छाती पुढे काढून म्हणाले. "छे, छे. एक क्षणभरसुद्धा नाही."

बायकोने भावाकडे पाहिलं, भावाने खाली साहेबांच्या पायांकडे. साहेब दाराच्या दिशेने दोन पावलं सरकले होते.