कर्कोजींची पांढरी पाटी

एका समुद्राच्या अगदी तळाशी, बालमित्रहो, कर्कोजी सिंधुजी तळकर नावाचे एक खेकडे राहत असत. वय वर्षे एक्क्याऐंशी. वागणे सरळ, चाल तेवढी तिरकी.

त्या तळावर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले होते. एकेक गोटा वाढायला लाखो वर्षे लागलेली. त्यांतील धातू वरच्या जगाला हवा होता, म्हणून एक अजस्र यंत्र खाली उतरले. ते गोटे उपसू लागले आणि गाळाचे लोट उठू लागले.

या गाळाचा कोणास उपद्रव होतो काय, हे पाहण्यासाठी देवमासेसाहेबांच्या कार्यालयाने तळावर एक पांढरी पाटी मांडली. तिच्यावर रोज किती गाळ बसतो, ते मोजून कळवण्याचे काम कर्कोजींना मिळाले.

कर्कोजींनी नियमावली सात वेळा वाचली. कलम चार : ‘नोंद घेताना उपकरण स्वच्छ असावे.’ म्हणून ते रोज आधी पाटी पुसत आणि मग मोजत.

नोंद : गाळ शून्य.

शेजारच्या गोट्यावर अष्टभुजाबाई नावाच्या ऑक्टोपसने अंडी घातली होती. आठही हातांनी ती अंड्यांवरचा गाळ झटकत असे.

“अहो काका, इथं माझे हात गळून पडायची वेळ आली आणि तुमचा गाळ शून्य?”

“बाई, तुम्हाला दिसतो तो गाळ. मी पाठवतो ती माहिती.”

“मग एक दिवस पुसू नका ना ती पाटी!”

“कलम चार, बाई.”

“कलम चार येणार आहे का माझी अंडी झटकायला? पोरं गुदमरताहेत आत!”

कर्कोजींनी वाकून पाहिले. एका अंड्यातून दोन इवलेसे डोळे त्यांच्याकडेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आयुष्यात प्रथमच त्यांनी पाटी पुसली नाही. नोंद : गाळ अर्धी नांगी.

उत्तर तत्परतेने आले : ‘अस्वच्छ उपकरणावर घेतलेली नोंद अग्राह्य आहे. पाटी पुसून पुन्हा मोजावे.’

कर्कोजींनी पत्र दोनदा वाचले. शुद्धलेखन निर्दोष होते. मग त्यांनी पाटी उपटली आणि ओढत अष्टभुजाबाईच्या गोट्यापाशी नेली.

“धरा हो बाई, दुसरे टोक. तुम्हाला हातांची काय कमतरता!”

दोघांनी मिळून पाटी अंड्यांवर आडवी बसवली. बारा दिवसांनी सदतीस पिल्ले सुखरूप बाहेर आली.

तेव्हापासून त्या तळावरून नोंद जात नाही. ज्या अर्थी नोंद नाही, त्या अर्थी गाळ नाही, असे कार्यालयाने ठरवले आणि वरच्या जगाला दुसरे यंत्र उतरवण्याची परवानगी दिली.

तात्पर्य : मोजमापाची पाटी मोजण्यासाठी वापरू नये. छप्पर म्हणून मात्र ती उत्तम असते.